राखीव सेवेचे निवृत्तिवेतन : वाचकांचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातून या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाची आहेत : सैन्यात काही वर्षे प्रत्यक्ष सेवा, त्यानंतर काही वर्षे राखीव दलात नाव, आणि हाती पेन्शन काहीच नाही. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : माझे वडील फेब्रुवारी १९६४ मध्ये तोफखान्यात शिपाई म्हणून भरती झाले. ९ वर्षांनी, १९७३ मध्ये, त्यांना राखीव दलात पाठवले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये तेथून मुक्त केले. मधल्या काळात ते सोलापुरात गिरणीत कामाला होते. गावातील एक निवृत्त सुभेदार म्हणतात, की पूर्ण १५ वर्षे वर्दीत काढल्याशिवाय पेन्शन मिळत नाही. वडिलांचे वय आता ८२ आहे. त्यांचा काही हक्क उरला आहे काय? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : सुभेदारसाहेबांनी सांगितलेला नियम खरा आहे, परंतु तो नियमित सेवा निवृत्तिवेतनाचा आहे. आपल्या वडिलांना लागू होणारा नियम वेगळा असून तो १९६१ च्या सेना निवृत्तिवेतन विनियमांतील १५५ व्या कलमात आहे. ज्या राखीव सैनिकाला सेवा निवृत्तिवेतन मिळत नाही आणि ज्याची प्रत्यक्ष सेवा व राखीव सेवा मिळून ठरलेली किमान १५ वर्षे भरली आहेत, त्याला राखीव निवृत्तिवेतन देता येते, असे ते कलम सांगते. त्या काळी भरतीच्या वेळीच करार होत असे : अमुक वर्षे पलटणीत, तमुक वर्षे राखीव. कोणाचा करार ७ आणि ८ वर्षांचा, कोणाचा ९ आणि ६ वर्षांचा असे. राखीव काळात माणूस गावी शेती करो किंवा गिरणीत साचा चालवो, प्रशिक्षणाचे वा युद्धाचे बोलावणे आले की त्याला हजर व्हावेच लागे. सरकारने त्याच्यावर ठेवलेल्या या हक्काचा मोबदला म्हणूनच हे निवृत्तिवेतन आहे, ती मेहेरबानी नव्हे. आपल्या वडिलांची ९ आणि ६ मिळून १५ वर्षे होतात, तेव्हा कालावधीची अट सकृद्दर्शनी पूर्ण होते.

तरीही अर्ज करण्यापूर्वी डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेतून मुक्त करताना दिलेले नोंदींचे पुस्तक, उघडून तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पहिली म्हणजे राखीव दलात बदली झाल्याची नोंद. ही बहुधा जांभळ्या शाईच्या शिक्क्यात ‘ट्रान्स्फर्ड टू रिझर्व्ह’ अशी असते आणि शिक्क्याखाली हाताने तारीख घातलेली असते. दुसरी, राखीव दलातून मुक्त केल्याची तारीख. ही दुसरी तारीख अनेक पुस्तकांत नसतेच, कारण १९७९ साली गावी बसलेल्या माणसाला पुस्तक परत पाठवून नोंद करून घ्यावी असे कोणी सांगितले नाही. अशा वेळी मुक्ततेचे स्वतंत्र पत्र शोधावे लागते. तिसरी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे मुक्ततेचे कारण. ‘कराराची मुदत संपल्यामुळे’ असे कारण असेल तर वाट सरळ आहे. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे असेल तर अडचण आहे, विशेषतः राखीव सेवेचा करार वाढवला गेला होता आणि वाढीव मुदत पुरी होण्याआधीच माणूस बाहेर पडला, अशा प्रकरणांत.

आणखी एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो वडिलांना विचारणे आवश्यक आहे : राखीव दलातून सुटताना त्यांनी एकरकमी ग्रॅच्युइटी घेतली होती काय? नियमाने राखीव सैनिकाला निवृत्तिवेतन किंवा त्याऐवजी ग्रॅच्युइटी असा पर्याय दिला होता, तो मुक्ततेच्या वेळी द्यायचा होता आणि एकदा दिलेला पर्याय अंतिम मानला जातो. त्या रकमेतून विहीर खोदली, बहिणीचे लग्न केले, असे सांगणारे अनेकजण भेटतात. मात्र पलटण सोडताना मिळालेली इतर येणी, उदाहरणार्थ भविष्य निर्वाह निधीची रक्कम, म्हणजे ही ग्रॅच्युइटी नव्हे. ‘पैसे मिळाले होते’ एवढ्या आठवणीवर हक्क सोडून देऊ नये. पर्याय दिल्याचा कागद रेकॉर्ड ऑफिसने, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाने, दाखवावा, अशी मागणी करावी.

अर्ज तोफखान्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे नाशिक रोड कॅम्प येथे करावयाचा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या माणसाने बेळगावला, महार रेजिमेंटच्या माणसाने सागरला आणि बॉम्बे सॅपर्सच्या माणसाने खडकीला लिहावे. सोलापूरचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज तपासून, शिफारशीसह पुढे पाठवून देते, ते अवश्य करून घ्यावे. परंतु मंजुरीचा अधिकार त्या कार्यालयाला नाही, त्यामुळे तेथे खेटे घालून काम पुढे सरकत नाही म्हणून रागावण्यात अर्थ नाही. रेकॉर्ड ऑफिसकडून ‘कागदपत्रे नष्ट केली आहेत’ असे उत्तर येण्याचा संभव आहे. पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवा कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. पण ‘लाँग रोल’ नावाची नोंदवही कायम ठेवली जाते, आणि तीत भरतीची तारीख, मुक्ततेची तारीख व कारण एका ओळीत का होईना नोंदलेले असते. माहितीच्या अधिकारात त्या ओळीची प्रमाणित प्रत मागावी. ती आणि वडिलांचे डिस्चार्ज बुक जुळले, तर नष्ट झालेल्या फायलीचे कारण फारसे टिकत नाही.

उशिराबद्दल. निवृत्तिवेतन न मिळणे ही दर महिन्याला नव्याने घडणारी चूक आहे, म्हणून केवळ विलंबावरून हक्क बुडत नाही. मात्र मागील थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील तरसेम सिंग प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे ४५ वर्षांची थकबाकी मिळेल असे सांगून टक्केवारी ठरवू पाहणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. नकार तोंडी घेऊ नये, कागदावरच घ्यावा.

रकमेविषयी सांगायचे तर राखीव निवृत्तिवेतन हे शिपायाला मिळणाऱ्या सर्वांत कमी निवृत्तिवेतनाच्या दोनतृतीयांश इतके धरले जाते. पूर्वी त्याची किमान मर्यादा दरमहा ३७५ रुपये होती. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २०१६ पासून, निवृत्तिवेतनाची किमान पातळी दरमहा ९,००० रुपये झाली असून त्यावर महागाई मदत वेगळी मिळते. या रकमेहूनही मला महत्त्वाचे वाटते ते असे, की निवृत्तिवेतनाचा आदेश निघाला म्हणजे ईसीएचएस या माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचे दार उघडते, आणि ८२ व्या वर्षी दवाखान्याचा खर्च हाच घरातील मोठा खर्च असतो. अर्जात आईचे नाव, जन्मतारीख आणि विवाहाचा पुरावा आताच जोडा. पलटण सोडल्यावर लग्न झालेल्या बहुतेक सैनिकांच्या नोंदीत पत्नीचे नावच नसते, आणि मागे राहिलेल्या बाईला ते सिद्ध करण्यासाठी फार हिंडावे लागते.

प्रश्न : मी कोल्हापूरच्या प्रादेशिक सेनेच्या बटालियनमध्ये १८ वर्षांपासून आहे. त्यांपैकी प्रत्यक्ष एम्बॉडिमेंटचा, म्हणजे बोलावून पूर्णवेळ सेवेत ठेवल्याचा, काळ ११ वर्षे ६ महिने भरतो. १५ वर्षांची अट माझ्या बाबतीत पूर्ण झाली असे समजावे काय? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : नाही. प्रादेशिक सेनेत भरतीची तारीख निवृत्तिवेतनासाठी मोजली जात नाही, एम्बॉडिमेंटचा काळ तेवढा मोजला जातो. जवान व कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांसाठी तो एकूण १५ वर्षे आणि अधिकाऱ्यांसाठी २० वर्षे असावा लागतो. तो सलग नसला तरी चालतो, तुकड्यातुकड्यांनी बेरीज होते. मधले खंड माफ होतात, पण खंडाचे दिवस सेवेत धरले जात नाहीत. आपल्याला अजून ३ वर्षे ६ महिने हवे आहेत. प्रत्येक वेळी बोलावल्याचा आणि परत पाठवल्याचा आदेश बटालियनमधून मिळवून दोन्ही तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात, कारण निवृत्तीच्या वेळी होणारे वाद बहुधा अशाच एखाद्या दोन-तीन महिन्यांच्या हरवलेल्या तुकड्यावरून होतात.

सेवेत असताना अपंगत्व आले तर गोष्ट निराळी. प्रादेशिक सेनेच्या जवानालाही अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पाणी राम प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणातील जवान नियमित सेनेतून निवृत्त होऊन नंतर प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण तुकडीत दाखल झालेला होता.

प्रश्न : मी १९७३ मध्ये नौदलात खलाशी म्हणून लागलो. करार १० वर्षे प्रत्यक्ष आणि १० वर्षे फ्लीट रिझर्व्हचा, म्हणजे नौदलाच्या राखीव दलाचा, होता. १९८३ मध्ये मला घरी पाठवले, पण रिझर्व्हमध्ये कधी घेतलेच नाही. मला राखीव पेन्शन मागता येईल काय? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : राखीव पेन्शन या नावाने मागू नका, मागणी फेटाळली जाईल. सरकारने ३ जुलै १९७६ च्या पत्राने फ्लीट रिझर्व्ह बंद केले आणि त्यामुळे आपल्यासारखे अनेक खलाशी करारातील उत्तरार्ध न घडताच बाहेर पडले. सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. दास प्रकरणात, २७ ऑक्टोबर २०१६ रोजी, असे ठरवले की राखीव दलात प्रत्यक्ष न गेलेल्यांना राखीव निवृत्तिवेतनाचा हक्क नाही. मात्र जे ३ जुलै १९७६ पूर्वी नोकरीस लागले आणि ज्यांची पहिली १० वर्षे त्या तारखेनंतर संपली, त्यांच्या विशेष निवृत्तिवेतनाचा विचार नौदल निवृत्तिवेतन विनियमांतील ९५ व्या कलमाखाली करावा. आपल्या दोन्ही तारखा या चौकटीत बसतात. मुंबईच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे अर्ज करताना ‘विशेष निवृत्तिवेतन, विनियम ९५’ असाच उल्लेख करावा आणि निकालाची प्रत जोडावी. करार सरकारने मोडला आणि त्याची झळ खलाशाला बसली, असे माझे स्पष्ट मत आहे, पण अर्जात ते लिहून उपयोग नाही.

प्रश्न : मला राखीव पेन्शन मिळते. ‘एक पद, एक पेन्शन’चा फरक माझ्या खात्यात का आला नाही? (एक वाचक, करमाळा)

उत्तर : ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशान्वये लागू झालेल्या त्या योजनेतून राखीव निवृत्तिवेतनधारकांना वगळले आहे. बँकेची किंवा पेन्शन वाटणाऱ्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीची त्यात चूक नाही.

प्रश्न : माझे पती शिपाई होते. त्यांची प्रत्यक्ष आणि राखीव मिळून १२ वर्षेच झाली. ते वारले. माझे वय ६९ असून उत्पन्न नाही. (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : ताई, १२ वर्षांवर राखीव निवृत्तिवेतन मिळणार नाही आणि त्यामुळे त्यापाठोपाठचे कुटुंब निवृत्तिवेतनही नाही. परंतु हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या आणि ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून विपन्नावस्थेतील मासिक अनुदान मिळते. ते दरमहा ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दरमहा ८,००० रुपये आहे. पतीचे डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, आपले आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक घेऊन सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. विधवेचे ओळखपत्र काढलेले नसेल तर ते त्याच कार्यालयातून आधी काढून घ्यावे, त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.