रँकचं नंतर बघा, आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते तपासा

गुहागर-दापोलीकडच्या जागांवर ब्लॉग लिहिताय, रँक लाखांच्या घरात अडकलाय आणि एक एजन्सी म्हणतेय की तीन महिन्यांत वर आणतो, डोमेन (ब्लॉगचा पत्ता) आणि होस्टिंग (ब्लॉग ठेवायची जागा) पण आम्हीच बघतो, तुम्ही फक्त लिहा. ते शेवटचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

नियमित लिहा, फोटो स्वतःचे टाका वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडतो.

मालवण-वेंगुर्ल्यावरचा माझा जुना ब्लॉग बऱ्यापैकी चालत होता. ज्यांना काम दिलेलं त्यांनी डॉट कॉम डोमेन घेतलं स्वतःच्या कंपनीच्या नावावर, पैसे मात्र माझ्याकडून. कलमं आपण लावायची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, तसला प्रकार. पुढे काम पटेना म्हणून डोमेन मागितलं तर आधी "सर बघतो", मग फोन उचलणंच बंद. जिथे नोंदणी केलेली तिथे लिहिलं, तर त्यांचं एकच, ज्याच्या नावावर आहे त्याने मागितलं तरच ट्रान्सफरचा कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागतो तो) मिळेल. आणि नियम खरंच तसा आहे, नोंदणी तुमच्या नावावर असेल तर मागितल्यापासून 5 दिवसांत कोड द्यावा लागतो, नसेल तर तुम्हाला कोण विचारतो! मग त्या लोकांनी रिन्यूच केलं नाही. कॅन्सल झालेलं डॉट कॉम सोडवायला 30 दिवस मिळतात, जादा पैसे भरून, पण तेही खातं ज्याचं त्यालाच. आता त्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती दिसतात आणि होमस्टेवाल्यांनी, ट्रेकवाल्यांनी आपणहून दिलेल्या लिंका सगळ्या तिकडे जातात. अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

डोमेन हातात असतं तर 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्यावर पाठवणं) लावून आणि सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गुगलच्या साइटवाल्यांसाठीच्या साधनात, पत्ता बदलल्याचं कळवून बरंचसं नव्या ब्लॉगकडे नेता आलं असतं. ते नाही म्हणून सगळं पहिल्यापासून.

सगळ्या एजन्सी अशा नसतात, आणि मी काही यातला तज्ज्ञ नाही. पण रजिस्ट्रारचं (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीचं) खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईल नंबरवर उघडा, एजन्सीला कामापुरताच ॲक्सेस द्या. याला नाही म्हणाले तर तिथेच राम राम.

आणि ते रँक म्हणतात तो कुठला, हेही विचारा. अलेक्सा रँक, म्हणजे साइटना ट्रॅफिकवरून दिला जाणारा नंबर, तो तर ॲमेझॉनने 1 मे 2022 ला बंदच केलं. सिमिलरवेबसारख्या ट्रॅफिक मोजणाऱ्या साइटचे आकडे अंदाजाचे असतात, कमी ट्रॅफिकच्या मराठी ब्लॉगला त्यावरून जोखण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हे गुगल स्वतःच सांगतं, आणि रँकसाठी विकत घेतलेल्या लिंका त्यांच्या नियमात बसत नाहीत, तेव्हा "इतक्या हजार बॅकलिंक" (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका) वाला पॅकेज नकोच.

त्यापेक्षा सर्च कन्सोल उघडा, फुकट आहे. लोक काय टाईप करून येतात ते तिथे दिसतं. माझ्याकडे "कोकणचं सौंदर्य" टाकून कोणी येत नाही, "कुडाळ स्टेशन ते मालवण एसटी" आणि "पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी जाते का" टाकून येतात, तेही बरेचसे इंग्रजी अक्षरांत. त्याचं सरळ उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्या, मे महिन्याच्या सुट्टीचं आणि गणपतीचं लिखाण दोन-तीन महिने आधी टाका, आणि फोटो बारीक करून चढवा, आपल्याकडे घाटात नि खाडीकाठी रेंजची बोंब असते, पान उघडेपर्यंत माणूस परत जातो.