१ मे या तारखेला बेसबॉलमध्ये काय काय घडलं? शाळेच्या फळ्यावर कोणत्या घटना लिहू?

सर, झेंडावंदनाला मुलं निकाल घ्यायला येतील तेव्हा सॉफ्टबॉलच्या संघासाठी फळ्यावर 'आजच्या तारखेला बेसबॉलमध्ये' असं काही लिहायची तुमची कल्पना चांगली आहे. चार-पाच घटना मागितल्यात, त्या देतो. फक्त तारीख तुम्ही सहज विचारलीत, आणि मला ती तीस-पस्तीस वर्षं छळतेय. त्यामुळे उत्तर लांबणार.

१९९१ साली मी टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला एमएस करत होतो. साताऱ्याहून जाऊन नऊ महिने झाले होते. एका अपार्टमेंटमध्ये आम्ही तीन मराठी पोरं. त्यातला एक माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तेव्हा त्याला नावानं, नाहीतर शिवी घालून हाक मारायचो. पुढच्या वर्षी तो सुट्टीवर भारतात निघाला, मी आईसाठी एक पिशवी दिली, ती पोचवायला हा आमच्या घरी गेला, आणि दीड वर्षात माझ्या थोरल्या बहिणीशी त्याचं लग्न झालं. तेव्हापासून त्याला दाजी म्हणावं लागतं. वादात हा फार मोठा तोटा आहे. समोरच्याला 'अहो' म्हणून भांडून बघा एकदा.

तर १ मे १९९१, बुधवार. महाराष्ट्र दिन म्हणून दुपारी आम्ही श्रीखंड-पुरी केली होती. चक्का म्हणजे आदल्या रात्री दह्याचा मोठा डबा जुन्या (धुतलेल्या) बनियनमध्ये बांधून नळाला टांगलेला. माझ्या लॅबमधल्या एकानं तीन तिकिटं दिली, टेक्सास रेंजर्स विरुद्ध टोरोंटो ब्लू जेज. जेवण अंगावर आलं होतं, पण फुकट तिकीट कोण सोडतो? तिसऱ्याकडे खटारा गाडी होती, तीत बसून गेलो. जागा आउटफील्डच्या बाकांवर, पिचरपासून (म्हणजे बॉल टाकणाऱ्यापासून) कोसभर लांब.

पिचर होता नोलन रायन, वय ४४. मला एवढंच ठाऊक होतं की म्हातारा जोरात टाकतो. मी पक्का क्रिकेटवाला. माझ्या हिशेबात सामना म्हणजे कोणीतरी मारायला पाहिजे, बॉल कुठेतरी जायला पाहिजे. इथे टोरोंटोचा एक बॅटर यायचा, हवेत बॅट फिरवायचा, जायचा. दुसरा यायचा, तेच. रेंजर्सच्या रुबेन सिएरानं होमर (म्हणजे आपला षटकार) मारला तेवढा एक क्षण मी उठून उभा राहिलो. सहाव्या इनिंगमध्ये मॅनी लीचा एक उडता बॉल सेंटर फील्डला पडणारच होता, गॅरी पेटिसनं पळत पुढे येऊन तो गुडघ्याच्या उंचीवर धरला. तेव्हा आजूबाजूचे लोक इतके का ओरडले हे मला कळलं नाही. साधा कॅच तर होता.

सातवी इनिंग संपली आणि मी मोठ्यानं म्हणालो, "अरे काय मॅच आहे ही, यांना अजून एक हिट नाही! चला, मला उद्या असाइनमेंट द्यायची आहे." समोरच्यांना सामनाभर एकही हिट, म्हणजे बॉल मारून बेस गाठणं, जमू दिलं नाही की त्याला नो-हिटर म्हणतात. ती चालू असताना तो शब्द मैदानात कोणी तोंडातून काढत नाही, नजर लागते म्हणतात. डगआउटमध्ये पिचरशेजारी बसायलासुद्धा सोबतचे खेळाडू बिचकतात. आमच्या मागे एक आजोबा वहीत स्कोअर लिहीत बसले होते. मी हे मराठीत बोललो म्हणून वाचलो, नाहीतर त्यांनी तीच वही माझ्या डोक्यात घातली असती. गाडीवाल्याला पार्किंगच्या गर्दीची काळजी होती. आम्ही दोघं उठलो. भावी दाजी म्हणाला, "मी थांबतो, काहीतरी चाललंय इथे." त्यालाही काही कळत नव्हतं हो! तो लोकांचे चेहरे बघून थांबला. एवढं मात्र खरं की थांबला.

घरी येऊन टीव्ही लावला तर रायनला सगळ्यांनी खांद्यावर घेतलेलं. १६ स्ट्राइकआउट (म्हणजे तीन स्ट्राइकनं बाद केलेले बॅटर), ३-० नं जिंकले, आणि रायनची ही सातवी नो-हिटर. त्याच्या खालोखाल सँडी कोफॅक्स, चार. शेवटचा आउट झालेला बॅटर रॉबर्टो अलोमार. १९७३ मध्ये रायननं एंजल्सकडून पहिल्या दोन नो-हिटर टाकल्या तेव्हा त्याच्यामागे सेकंड बेसवर याच पोराचा बाप खेळत होता. हे सगळं समोर घडायचं होतं आणि मी घरी उभ्यानं उरलेलं श्रीखंड खात टीव्हीवर बघत होतो.

दाजी मध्यरात्री आले, कोणा अनोळखी माणसाच्या ट्रकमधून. त्यांच्या तिकिटाचा तुकडा आज त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला आहे, सत्यनारायणाच्या पूजेच्या फोटोशेजारी. माझा तुकडाही आहे, एका पुस्तकात. माझं म्हणणं एवढंच की २७ आउटपैकी २१ मी डोळ्यांनी पाहिले, म्हणजे पाऊण भागाहून जास्त नो-हिटर मी पाहिली. दाजींचं म्हणणं, लग्नाला जाऊन अक्षता पडायच्या आत जेवून निघणाऱ्यानं लग्न पाहिलं असं म्हणू नये. नात्यातल्या प्रत्येक कार्यात हे वाक्य येतं, आणि कार्य लग्नाचं असलं तर दोनदा येतं.

आता मुद्द्याचं. त्या रात्री त्याच बातम्यांत आणखी एक दृश्य दाखवलं. त्याच दिवशी दुपारी ओकलंडमध्ये यांकीजविरुद्ध चौथ्या इनिंगमध्ये रिकी हेंडरसननं थर्ड बेस चोरला, म्हणजे कोणी बॉल न मारताच पळून तो गाठला. ही त्याची ९३९वी चोरी. लू ब्रॉकचा ९३८चा विक्रम मोडला. रिकीनं जमिनीतला बेस उपटला, डोक्यावर धरला, आणि शेजारी ब्रॉक उभा असताना माइकवर सांगितलं की आजपासून सर्वांत मोठा मीच. लोकांना राग आला. रात्री रायननं गुपचूप आपलं काम केलं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच सूर, बघा म्हातारा किती नम्र आणि हा किती गर्विष्ठ.

माझं स्पष्ट मत आहे की त्या दिवसाचा मोठा माणूस रिकी. ब्रॉकला ९३८ चोऱ्यांना १९ हंगाम लागले. त्याचा शेवटचा हंगाम १९७९, आणि रिकीचा पहिलाही १९७९. म्हणजे तेराव्याच हंगामात गडी पुढे गेला, आणि पुढे १४०६ वर जाऊन थांबला. बरोबर एक वर्षानं, १ मे १९९२ ला, त्याची १०००वी चोरी झाली. ही तारीख जणू त्याच्या नावावर काढून ठेवली होती. शिवाय नो-हिटरला मागे आठ जण लागतात. पेटिसनं तो कॅच सोडला असता तर दाजींची फ्रेम कुठे असती? बेस चोरताना कोणी मदतीला नसतं. पिचरला माहीत, कॅचरला (म्हणजे त्यांच्या विकेटकीपरला) माहीत, अख्ख्या स्टेडियमला माहीत की हा पळणार, आणि तरी हा पळतो. विनयाचं म्हणाल तर, सर, १९८२ मध्ये एका हंगामात १३० बेस चोरणाऱ्यानं 'माझं काही नाही, सगळी देवाची कृपा' म्हटलं असतं तर तो खोटेपणा झाला असता. डिसेंबर २०२४ मध्ये रिकी गेला तेव्हा त्याच लोकांनी तेच भाषण कौतुकानं फिरवलं.

यावर दाजींकडे हुकमाचा एक्का आहे, तोही सांगतो. रायनचा ५०००वा स्ट्राइकआउट ज्याचा झाला तो बॅटर रिकीच. ऑगस्ट १९८९, तेच आर्लिंग्टनचं मैदान. याला माझ्याकडे उत्तर नाही.

बाकीच्या घटना. १ मे १९२०ची तर फळ्यावर हवीच, सामनाच तसा आहे. बोस्टनला ब्रेव्ह्ज विरुद्ध ब्रुकलिन. ब्रुकलिनचा पिचर लिऑन कॅडोर, बोस्टनचा जो ओश्गर. पाचव्या इनिंगमध्ये ब्रुकलिनची एक धाव, सहाव्यात बोस्टनची एक धाव. त्यानंतर वीस इनिंग कोणाचीच धाव नाही! २६ इनिंग (नेहमीचा सामना नऊचा) झाल्यावर अंधार पडला म्हणून पंचांनी १-१ वर सामना थांबवला. दोन्ही पिचर पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच, आणि एवढं सगळं ३ तास ५० मिनिटांत. काही वर्षांपूर्वीपर्यंत तेवढ्यात कधी कधी नऊ इनिंगही संपत नसत. ब्रुकलिनचा आयव्ही ओल्सन पंचांना विनवत होता की अजून एकच इनिंग खेळू द्या, म्हणजे तीन पूर्ण सामने खेळलो असं सांगता येईल. कॅडोरला म्हणे पुढचे तीन दिवस केस विंचरायला हात वर करता येईना. कामगार दिनाला याहून चांगला फळा कोणता? ब्रुकलिनची गंमत (त्यांच्यासाठी नव्हे) पुढे आहे. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन ते फिलाडेल्फियाकडून १३ इनिंगमध्ये हरले, तिसऱ्या दिवशी परत बोस्टनला येऊन १९ इनिंगमध्ये हरले. तीन दिवस, ५८ इनिंग, विजय शून्य. आणि हे चाललेलं असताना त्याच १ मेला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बेब रूथनं यांकीजसाठी आपला पहिला होमर मारला, तोही आधीचा संघ रेड सॉक्सविरुद्ध. एका गावात एकेका धावेसाठी घासणारा जुना बेसबॉल, दुसऱ्या गावात एका फटक्यात मैदानाबाहेर नेणारा नवा. रूथचे त्या हंगामात ५४ होमर झाले.

१ मे १८८४ ला मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोकडून लुईव्हिलविरुद्ध उतरला. मोठ्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय म्हणून त्याचं नाव घेतात, हुद्दा कॅचर, आणि तोही उघड्या हातांनी. त्याच्याच संघाचा एक पिचर त्याच्या खुणा मुद्दाम पाळत नसे, हे त्या पिचरनं नंतर स्वतः कबूल केलं. पुढे रंगामुळे दारं बंद झाली ती थेट जॅकी रॉबिन्सनसाठी १९४७ मध्ये उघडली. आणि याच तारखेला १९५१ मध्ये मिनी मिन्योसो शिकागो व्हाइट सॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून मैदानात आला आणि पहिल्याच बॅटिंगला त्यानं होमर मारला. त्याच सामन्यात समोरच्या यांकीजच्या मिकी मँटलचा कारकिर्दीतला पहिला होमर. मुलांना सांगायचं तर मी या दोन तारखा एकाखाली एक लिहीन, मध्ये ६७ वर्षांचं अंतर मांडून. तेवढी वजाबाकी त्यांनाच करू द्या.

१९६९ मध्ये ह्यूस्टनच्या डॉन विल्सननं सिनसिनाटीविरुद्ध नो-हिटर टाकली. आदल्याच दिवशी सिनसिनाटीच्या जिम मलोनीनं ह्यूस्टनवर टाकली होती, त्याची परतफेड. जागा उरली तर घ्या.

काही गोष्टी वर सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. रिकीपुढे 'जागतिक विक्रम' लिहू नका. जपानच्या युताका फुकुमोतोच्या १०६५ चोऱ्या होत्या, त्या रिकीनं १९९३ मध्ये मागे टाकल्या. चोरताना पकडला जाण्याचा विक्रमही रिकीचाच, ३३५ वेळा. रायनबद्दल दाजी सांगणार नाहीत ते असं, की बॅटरला फुकट बेस देण्याचा, म्हणजे वॉकचा, विक्रमही त्याच्याच नावावर आहे, २७९५, आणि साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) त्याला एकदाही मिळाला नाही. वॉकरलाही 'पहिला' म्हणताना जरा जपून, कारण १८७९ मध्ये विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा एक जण एक सामना खेळून गेला होता, गोरा म्हणून.

आणि सर्वांत मोठी भानगड तारखेचीच आहे. आर्लिंग्टनला रात्री दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ. रिकीची चोरी आपल्या घड्याळानं पहाटेची. म्हणजे हे जवळजवळ सगळं आपल्याकडे २ मेला घडलं. मुलांपैकी एखादं चौकस निघालं तर विचारेल, तयारीत राहा. फळ्यावर जागा कमी पडली तर आधी विल्सन गाळा, मग रायन.

मी २००४ मध्ये साताऱ्याला परत आलो. दाजी तिकडेच आहेत, डॅलसच्या अलीकडे घर आहे. दर १ मेच्या रात्री ते फोन करतात, शेवटच्या आउटच्या सुमारास. इकडे २ तारखेची सकाळ असते, मी पेपर वाचत असतो. फोन उचलला की नमस्कार-चमत्कार काही नाही, एकच प्रश्न असतो: "काय रे, निघालास का घरी?"