धनुष्यं बनवायच्या छंदात एकाच वेळी बरीच कामं अर्धवट पडली असतील तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडला वन-बीएचकेत राहता, लाकडी धनुष्यं बनवायचा नाद लागलाय आणि सध्या घरात सात कामं अर्धवट आहेत: तुतीची एक ओली फांदी, ॲश या लाकडाच्या दोन फळ्या, बांबूची पाठ (ओढणाऱ्याच्या पलीकडची बाजू) चिकटवलेलं एक आणि टिलरिंगला, म्हणजे सारखं वाकेपर्यंत खरवडायला घेतलेली तीन. घरचे म्हणतात आधी एक तरी पूर्ण कर, मित्र म्हणतो नवीन लाकूड आणणंच बंद कर. यातलं कुणाचं ऐकायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मला विचाराल तर सात कामं असण्यात काहीच बिघडलेलं नाही. टिलरिंगला एकाच वेळी तीन आहेत, तेवढं मात्र आजच्या आज थांबवा.

या कामात थांबणं ठरलेलंच असतं. ओली फांदी उभी चिरली, दोन्ही टोकांना फेव्हिकॉल किंवा मेण फासलं, की पुढे कित्येक महिने तिला वाळू देण्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं. जाड असेल तर वर्ष सहज जातं. एका वेळी एकच धनुष्य असं व्रत घेतलं तर वर्षातला बराच काळ हात बांधून बसावं लागेल. म्हणून जगभर हे काम करणाऱ्यांकडे वाळत ठेवलेल्या दांड्यांची रास असतेच. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ज्याला ओत्झी म्हणतात. त्याच्याजवळ माणसाहून उंच असं यू लाकडाचं धनुष्य होतं, पण ते पूर्ण झालेलं नव्हतं. कुऱ्हाडीने तासल्याच्या खुणा अजून तशाच आहेत. भात्यात चौदा बाण आणि त्यातले तयार फक्त दोन! मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

पण दांडा एकदा वाकायला लागला की हिशोब बदलतो.

टिलरिंग म्हणजे दोन्ही भुजा सारख्या आणि सलग वाकाव्यात म्हणून पोटाकडून (ओढणाऱ्याकडच्या बाजूने) थोडं थोडं लाकूड काढत जाणं, हे तुम्हाला माहीतच आहे. प्रत्यक्षात ते कसं चालतं बघा. दांडा भिंतीवरच्या खुंटीवर आडवा ठेवायचा, दोरी पुलीतून खाली घेऊन लांब उभं राहून ओढायची आणि भुजांचा बाक बघायचा. उजवी भुजा मुठीपासून वीतभर अंतरावर सपाट दिसते, म्हणजे तिथे ताठ आहे. दांडा उतरवायचा, तेवढ्याच भागावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारायच्या आणि पात्याने किंवा फुटक्या काचेच्या धारेने रेघा जाईपर्यंतच खरवडायचं. कागदासारखी पातळ सालपटं निघतात. मग परत खुंटीवर ठेवून वीस-तीसदा हलकेच ओढायचं, कारण खरवडल्याचा परिणाम लाकडात लगेच दिसत नाही, काम दिल्यावर दिसतो. पुन्हा बघायचं. हे करताना त्या एका दांड्याची खोड डोळ्यात बसते: कुठे गाठ आहे, कुठे तंतू वळलेत, कुठली भुजा आधीपासून मऊ आहे. मध्येच दुसरा हातात घेतला की ही ओळख पुसली जाते. आठवड्याने परत आलात तर पुन्हा पहिल्यापासून बघावं लागतं. लाकूड मात्र काढलेलं परत येत नाही.

दुसरं कारण आपली मुंबईची हवा, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. लाकूड आजूबाजूच्या हवेप्रमाणे ओलं-कोरडं होत राहतं. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातलं पाणी साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावतं आणि ८० टक्के असेल तर १६ वर. धनुष्याला ९-१० टक्के बरं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे काय असतं ते कपाटातल्या चपलांवर चढलेल्या बुरशीवरून कळतंच. जाडजूड दांडा हे पाणी सावकाश पितो, महिनाभराच्या पावसाने त्याचं फारसं काही होत नाही. अर्धवट टिलर केलेल्या भुजा मात्र पातळ आणि चारी बाजूंनी उघड्या, त्या लगेच ओलावा धरतात. ओलं लाकूड नरम लागतं, म्हणजे दोरी ओढायला लागणारं वजन काट्यावर कमी दिसतं आणि आपला अंदाज चुकतो. शिवाय वाकवलं की पोटाकडचे तंतू दबतात आणि कायमचा बाक बसतो. तो बाक पुढे कितीही वाळवलं तरी पुरता जात नाही.

म्हणून वाटणी ऋतूप्रमाणे करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टिलरिंग, आणि तेही एका वेळी एकाचंच. उन्हाळ्यात ढोबळ तासणं, चिकटवणं. पावसात दोऱ्या वळा, मुठीला चामडं शिवा, बाण सरळ करा, कानशी आणि पटाश्यांना धार लावा. पावसातच टिलरिंग करायचं असेल तर प्लायवूडच्या लांब पेटीत खाली जुना पिवळा बल्ब लावा, वर-खाली हवेला भोकं ठेवा आणि दांडा त्यात राहू द्या. काम झालं की परत पेटीत. लाकूड वाळलं की नाही हे कळायला महागडं मीटर लागत नाही. दर आठवड्याला दांडा वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा. आकडा उतरायचा थांबला म्हणजे तिथल्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

लिहिण्यावरून सांगतो, प्रत्येक अर्धवट कामावर तीन गोष्टी लिहून ठेवा: तारीख, दोरी किती इंच खेचायला किती पौंड जोर लागतो, आणि पुढचं नेमकं काम. नुसतं ‘टिलर करणे’ उपयोगाचं नाही. ‘उजवी भुजा, मुठीजवळ ताठ’ असं हवं. ऑफिसातून लोकलचे धक्के खाऊन आल्यावर अर्धा तास मिळतो, त्यातली वीस मिनिटं कुठवर आलो होतो हे आठवण्यात गेली तर काम पुढे सरकणार कसं?

आता तुमची सात. टिलरिंगच्या तिघांपैकी कुठल्याच्या पाठीवर तंतू उचकटला असेल किंवा आडवी चीर दिसत असेल, तर ते कापून टाका, मुठीला तुकडे होतील. असं धनुष्य मोडताना भुजांचे तुकडे तोंडावर येतात, त्यात दयामाया नको. उरलेल्यांची दोरी काढून कायमचा राहिलेला बाक मोजा. दोन इंचांच्या आत बाक असलेलं आधी पूर्ण करा. दुसऱ्याला चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात मारून माळ्यावर आडवं ठेवा, टेकवून उभं नको. चपड्याने ओलावा अडत नाही, पण आत शिरायचा वेग कमी होतो.

बांबूवालं एपॉक्सीने चिकटवलं असेल तर त्याला घाई नाही, रांगेत दुसरं. ॲशच्या फळ्या कडेने नीट बघा. लाकडातल्या तंतूंची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली तरच ती धनुष्याची फळी, वाटेत कडेला बाहेर पडली तर तिचं शेल्फ करा. नवीन लाकूड जरूर आणा, फक्त रे रोडच्या वखारीत ही रेषा तपासूनच, आणि हार्बरला लगेजच्या डब्यातून. आरेतली किंवा नॅशनल पार्कातली फांदी तोडायचा विचारही करू नका.

तुतीला आत्ता काही करू नका. साल काढली असेल तर पाठीलाही चपडा मारा, नाहीतर ती तडकेल. वजन स्थिर झालं की पुढच्या हिवाळ्यात घ्या. तुती चिवट असते, पहिल्या चांगल्या धनुष्याला मी तिचीच वाट बघेन.