झिजणाऱ्या पट्ट्या आणि पॉलिमरमधलं करिअर

प्रश्न : मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंबड एमआयडीसीत बाबांचं छोटं युनिट आहे. तिथल्या कन्व्हेयरच्या एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन प्लास्टिक) गाइड पट्ट्या लवकर झिजतात. केमिकल क्रॉसलिंकिंगवर (रसायनाने रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडणं) प्रोजेक्ट करू का? त्यात पुढे करिअर आहे का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जरूर कर, पण आधी झिजलेली पट्टी नीट बघ. खोल ओरखडे असतील तर धुळीचे कण रुतत आहेत. तिथे यूएचएमडब्ल्यूपीईची (खूपच लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन) पट्टी बसवणं बहुधा जास्त उपयोगाचं. पट्टी गुळगुळीत राहून पातळ होत असेल, तर क्रॉसलिंकिंग आजमावण्यासारखं आहे. साखळ्या एकमेकींना बांधल्या की घासताना ओढल्या जाऊन सहज सुटत नाहीत.

एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि साखळ्या बांधून देणारं डायक्युमिल पेरॉक्साइड त्याच्या थोडंच वर तुटून काम करू लागतं. म्हणून एक्सट्रूडरच्या (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारं मशीन) वाटेला जाऊ नकोस, माल त्याच्या बॅरलमध्येच घट्ट होऊन बसेल. पावडर घे. वजनाच्या ०, ०.५, १ आणि १.५ टक्के पेरॉक्साइड अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून पावडरीवर चढव आणि फ्यूम हुडमध्ये, सरांच्या देखरेखीखाली, पूर्ण सुकव. मग गरम प्रेसमध्ये १७५ अंशांना १५ मिनिटं. दाब ठेवूनच थंड कर, नाहीतर तयार झालेल्या वायूंचे बुडबुडे राहतात. शून्य टक्क्याचा नमुनाही याच चक्रातून काढ. त्याशिवाय तुलना खोटी. पावडरीत अँटिऑक्सिडंट (प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) किती आहे ते पुरवठादाराला विचार, कारण ते पेरॉक्साइड खातं.

जेल कंटेंट, म्हणजे बांधल्या गेलेल्या, न विरघळणाऱ्या भागाचं प्रमाण, काढायला ०.३ ग्रॅम नमुना बारीक स्टीलच्या जाळीत बांधून उकळत्या झायलीन या द्रावकात १२ तास ठेव, सुकवून वजन कर. उरलेला भाग म्हणजे जेल. जेल वाढलं म्हणून खूश होऊ नकोस. बांधलेल्या साखळ्या नीट घडी घालू शकत नाहीत, स्फटिकता (साखळ्यांची शिस्तशीर रचना) घटते, कडकपणा आणि चिवटपणाही घटू शकतो. झिजेबरोबर कडकपणा आणि आघात चाचणीही हवीच. बाबांना हेही सांग, की हा स्क्रॅप परत वितळत नाही.

करिअर आहे. केबल इन्सुलेशन आणि गरम पाण्याचे पाइप हे क्रॉसलिंक पॉलिथिलीनचे मोठे उपयोग. तिथे जेल कंटेंट ही रोजची चाचणी. कृत्रिम खुब्याच्या सांध्यातही क्रॉसलिंक पॉलिथिलीन वापरतात, पण ते गॅमा किंवा इलेक्ट्रॉन किरणांनी केलेलं. बीएस्सीनंतर सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचा २ वर्षांचा प्लास्टिक प्रोसेसिंग आणि टेस्टिंगचा पीजी डिप्लोमा करता येतो. छत्रपती संभाजीनगरला त्यांचं केंद्र आहे. संशोधनच करायचं असेल तर पॉलिमरमधलं एमएस्सी घे. मशीनवर हात बसवायचा असेल तर मी डिप्लोमाच सुचवेन. मुलाखतीला जाताना या चार नमुन्यांचा तक्ता, फसलेल्या तुकड्यांसकट, सोबत ने.