शेवट कळल्यावर रहस्यकथा पुन्हा वाचता येते का? आणि सुरुवात कुठून करू?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. चाळिशीत पहिल्यांदाच रहस्यकथा वाचायला घेताय, तर सुरुवात कुणापासून करावी, ही एक. आणि खुनी कोण ते कळलं की पुस्तक कपाटात पडून राहतं, मग विकत कशाला घ्यायचं, ही दुसरी. पहिलीचं उत्तर इथे कुणीही देईल. दुसरीवर मला बोलायचंच आहे, कारण हे वाक्य मी आमच्या घरात कित्येक वर्षं ऐकत आलेय आणि ते साफ चुकीचं आहे.

खुनी कळल्यावर जे पुस्तक टाकून द्यावंसं वाटतं, ते मुळातच वाईट होतं. चांगली रहस्यकथा दोनदा वाचायची असते. पहिल्यांदा लेखक आपल्याला फसवतो, दुसऱ्यांदा त्यानं कसं फसवलं ते आपण बघतो. मला विचाराल तर दुसरी खेप जास्त सुखाची.

माझ्या नणंदेचे यजमान कॉलेजात मराठी शिकवायचे. माणूस व्यासंगी, घरात भिंतभर पुस्तकं, पण रहस्यकथा म्हटलं की कपाळाला आठ्या. एका भाऊबीजेला सगळे आमच्याकडे जमले होते. मी तेव्हा ॲगाथा ख्रिस्तीची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी वाचत होते, १९२६ सालची. निम्मी झाली होती. दवाखान्यात नर्सची नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचं पथ्यपाणी, यातून निम्म्यापर्यंत पोचायलाच मला बराच काळ लागला होता. पुस्तक फडताळावर पालथं ठेवून मी पुऱ्या तळत होते. भाऊजींनी ते उचललं, नाव बघितलं आणि पंगतीत सगळ्यांदेखत खुनी कोण ते सांगून टाकलं. वर म्हणाले, "वहिनी, आता घाला हे रद्दीत. या पुस्तकांचं एवढंच असतं. नाव कळलं, संपलं."

सगळे हसले. आमचे हेही हसले.

शेवट फुटला याचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो त्या 'एवढंच असतं'चा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, तिथे रोजच्या भाड्यानं पुस्तकं मिळायची. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे नायक झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू मला तिथेच भेटले. पानं पिवळी पडलेली, दोऱ्यानं शिवलेली, आणि पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं. कधी ते खरं असायचं, कधी मुद्दाम खोटं. माझी आई चौथी शिकलेली. दुपारी धुणंभांडी आटपली की ती ओळीवर बोट ठेवून अर्नाळकर वाचायची. कादंबरी संपली की मला पाठवून दुसरी आणवायची आणि ती मिळाली नाही तर आधीचीच पुन्हा काढून बसायची. तिला वाचनाची सवय कुठल्या अभिजात ग्रंथानं लावली नाही, अर्नाळकरांनी लावली. हजारावर पुस्तकं लिहिली या माणसानं. त्यांनी किती घरांतल्या बायकांना वाचतं केलं याची दखल आमच्या भाऊजींच्या भिंतभर पुस्तकांत मला कुठे दिसली नाही.

त्याच आठवड्यात मला रात्रपाळी होती. फेरी झाली, वॉर्ड निजला, तशी मी ती कादंबरी उघडली, ती सोडलेल्या पानावर नाही, पहिल्या पानापासून. खुनी माहीत असताना.

आणि पुस्तकच बदललं. निवृत्त होऊन खेड्यात भोपळे लावत बसलेला ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो, गावाची बित्तंबातमी ठेवणारी डॉक्टरांची बहीण कॅरोलाइन, ही माणसं मला आधी नुसती गमतीची वाटली होती. आता दिसायला लागलं की त्यांच्या गप्पांतून काय काय पेरलंय. ॲक्रॉइडच्या खोलीत एक खुर्ची जागेवरून हललेली असते. प्वारो त्या खुर्चीपाशी अडून बसतो, मी पहिल्या खेपेला तिच्यावरून सरळ पुढे गेले होते. एका अगदी साध्या वाक्यापाशी मी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. कुठलं ते सांगणार नाही, तुमचं तुम्हाला सापडू दे. ख्रिस्तीनं एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. सगळं टेबलावर मांडून ठेवलंय आणि तरी ते कुणाला दिसत नाही. पुस्तक आलं तेव्हा काही समीक्षकांनी तिच्यावर लबाडीचा आरोप केला होता. डोरोथी सेयर्स, स्वतः मोठी रहस्यकथाकार, तिच्या बाजूनं उभी राहिली. मी सेयर्सबाईंच्या बाजूची आहे.

लपवायच्या ख्रिस्तीच्या रीती एकदा कळल्या की इतर पुस्तकांतही दिसायला लागतात. महत्त्वाची वस्तू चार फालतू वस्तूंच्या यादीत मधोमध ठेवायची. पुरावा सांगितला की लगेच कुणालातरी किंचाळायला लावायचं किंवा दार वाजवायचं, म्हणजे वाचकाचं लक्ष तिकडे जातं. खरी माहिती अशा माणसाच्या तोंडी घालायची की ज्याचं कुणी मनावर घेत नाही. ही कारागिरी पहिल्या खेपेला कळत नाही, कारण तेव्हा आपण शेवटाकडे धावत असतो.

पुढच्या भाऊबीजेला मी भाऊजींना विचारलं, "तुम्ही वर्गात सॉफक्लीसचा ईडिपस शिकवता ना? त्यात काय होतं? राजा खुनी शोधतो, साक्षीदार बोलावतो, म्हाताऱ्या मेंढपाळाला उलटसुलट विचारून बोलतं करतो. आणि अथेन्सच्या प्रेक्षकांना खुनी कोण ते नाटक सुरू व्हायच्या आधीच ठाऊक होतं. मग ते उठून घरी का गेले नाहीत?" भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती शोकांतिका. तुमचं ते कोडं." त्यावर पुढे बोलणं झालं नाही, जेवणं वाढायची होती. पण हे काही उत्तर नव्हे. खुनी राजा स्वतःच आहे हा शेवट माहीत असताना ईडिपस चालतो, कारण माणूस आपल्याच पायांनी त्या शेवटाकडे कसा चालत जातो ते बघायचं असतं. ॲक्रॉइड दुसऱ्यांदा वाचताना मी नेमकं तेच बघत होते.

अजून पुरावा हवा असेल तर केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या. २००५ सालची जपानी कादंबरी. खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो, कुणी केला तेही दिसतं. तरी शेवटच्या पानांपर्यंत पुस्तक खाली ठेवता येत नाही. लेखकानं दडवलेली गोष्ट वेगळीच असते. २०२३ चा 'जाने जां' हा हिंदी सिनेमा तिच्यावरूनच केलाय, पण तो नंतर बघा.

आता सुरुवात. सरळ छोट्या कथांपासून करा. शेरलॉक होम्सच्या ५६ कथा आहेत आणि ४ कादंबऱ्या. कथा आधी. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणलाय, तो घ्या. त्यानंतर बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षी. दूरदर्शनवर १९९३ ला बासू चटर्जींनी केलेली मालिका पाहिली असेल तर रजित कपूरचा चेहरा डोळ्यांसमोरून जाणार नाही, न जाऊ दे, शोभतो. मी त्या कथा हिंदीतून वाचल्या. लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय सिनेमाच्या कामासाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. म्हणजे कलकत्त्याचा हा सत्यान्वेषी नंतरची बरीच वर्षं पुण्यातून लिहिला जात होता, आणि पुण्याच्या वाङ्मयीन गप्पांत त्यांचं नाव मी क्वचितच ऐकलंय. याचं मला वाईट वाटतं. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा आणा, अशोक जैन यांचा मराठी अनुवाद आहे. मुलाला दिल्यावर तुम्हीही वाचा.

मराठीत सुहास शिरवळकरांचा वकील अमर विश्वास मला आवडतो. कोर्टातली जुगलबंदी ते फार छान रंगवतात. अर्नाळकर मात्र कोडं म्हणून वाचू नका, पुरावे जुळवत बसलात तर निराश व्हाल. त्यांचा वेग बघा, दोन ओळींत माणूस उभा करणं बघा. आणि कुणी रहस्यकथा म्हणून नारायण धारप हातात ठेवले तर ते भयकथेचे मास्तर आहेत हे ध्यानात असू द्या. थोर लेखक, पण तुम्ही विचारलेला प्रकार तो नाही.

एक सांगायचं राहिलं. माझं एवढं सगळं वाचून ॲक्रॉइडपासून सुरुवात करू नका. ते पुस्तक रहस्यकथेचे रिवाज अंगवळणी पडलेल्या वाचकासाठी आहे. आधी प्वारोच्या दोन-चार कादंबऱ्या होऊ देत, मगच त्याचा तडाखा बसतो. तोवर त्याच्याबद्दल इंटरनेटवर काही शोधू नका, पहिल्याच ओळीत सांगून मोकळे होतात.

विकत घ्यायचं म्हणाल, तर सगळीच रहस्यकथा दोनदा वाचण्याजोगी नसते हे खरं. दहातली सात-आठ वाचनालयातून आणून परत करावीत अशीच असतात. म्हणून आधी आणून वाचा. शेवट कळल्यावर हात आपोआप पहिल्या पानाकडे गेला, तर तेवढंच पुस्तक विकत घ्या. आणि घरात शेवट सांगून टाकणारं कुणी असेल तर पुस्तकाला खाकी कव्हर घाला.