नवी फायबर होडी सदोष निघाली तर

भावा, नवी होडी आणि दुसऱ्याच फेरीला तळात पाणी, ऐकूनच जीव तुटला. आधी होडी वाळूवर ओढ आणि दुरुस्तीला हात लावू नकोस. नवखे इथेच फसतात. भेगेवर स्वतःच एम-सील थापतात, मग बनवणारा म्हणतो, "तुम्हीच छेडछाड केलीत."

तळ वाळला की रुपयाच्या नाण्याने वीत-वीत अंतरावर ठोकत जा. भरीव फायबर टणटण वाजतं. थर सुटलेत तिथे आवाज बद्द येतो. तिथे खडूने गोल काढ, फोटो घे आणि बनवणाऱ्याला लेखी कळव. माझ्या पहिल्या होडीला असे नऊ गोल निघाले, बहुतेक मागच्या फळीजवळ, इंजिनाचा भार येतो तिथेच. "वरून रंग मारून देतो" असं बनवणारा म्हणाला. मी ठाम नाही म्हटलं, म्हणून बदलून मिळाली.

ऐकलंच नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन कर. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली होडीही ग्राहक कायद्यात बसते. तक्रारीची मुदत २ वर्षं.

बदली होडी घेताना:
- रंग देण्याआधी बघायला जा. रंगाखाली सगळं झाकतं.
- त्याच कारखान्याच्या चार-पाच पावसाळे काढलेल्या होड्या बंदरात शोध, मालकांशी बोल.
- शेवटचा हप्ता चाचणीनंतरच. चाचणी रिकामी नको. माणसं, जाळी, बर्फ सगळं भरून.

इंजिन किती हॉर्सपॉवरचं घ्यायचं हे विचारलंस, ते नंतर बघू. आधी गोल किती निघाले ते कळव.