एमआरआयसाठी शिरेतून दिलेले चुंबकीय नॅनोकण शरीरात विरघळतात का? त्यातून सुटणारा धातू घातक असतो का?

विरघळतात. कण लोहाच्या ऑक्साइडचे असतील तर ते विरघळायलाच हवेत. प्रश्न फक्त एवढाच की कोणता धातू सुटतो आणि किती वेगाने.

मी काही वर्षं या कणांच्या विरघळण्याच्या चाचण्या करायचो. पहिल्याच वेळी फसलो. डेक्स्ट्रानचं (साखरेच्या लांब साखळीचं) आवरण असलेले कण रक्ताच्या पीएचला, म्हणजे ७.४ च्या द्रावणात ठेवले. (पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा. तो जितका कमी, तितकं द्रावण आम्ल.) आठवडा झाला तरी द्रावण जसंच्या तसं तपकिरी, सुटं लोह जवळपास नाहीच. खुशीत 'स्थिर आहेत' असं लिहून टाकलं. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "पण हे रक्तात राहतात किती वेळ?"

खरंच की. बहुतेक कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात आणि त्यांच्या लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांमध्ये, पीएच ४.५ ते ५ च्या आसपास असतो. मग सायट्रेट (लोहाला धरून ठेवणारा क्षार) घालून ४.५ ला तीच चाचणी लावली. रोज रंग थोडा उतरत गेला, शेवटी फिकट पिवळं पाणी उरलं. आधी बाटलीला चुंबक लावला की कडेला काळपट थर जमायचा. आता काहीच जमेना.

हे सुटलेलं लोह शरीराला अनोळखी नाही. जुन्या तांबड्या पेशी मोडून याच भक्षक पेशी रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरात आणतात. जास्तीचं लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठतं. त्याच्या एका रेणूत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. मात्र एकदम खूप लोह सुटलं तर फेरस आयन (लोहाचे विद्युतभारित अणू) आणि पेशीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिक्रियाशील कण तयार होतात आणि पेशीला इजा होते. शिवाय जादा लोह बाहेर टाकायची वाट शरीराकडे जवळजवळ नाही. म्हणून आधीच लोह साठलेल्या रुग्णांना हे देत नाहीत.

गंमत म्हणजे, एमआरआयसाठीही वापरलं जाणारं फेरुमॉक्सिटॉल, म्हणजे असेच लोहाच्या ऑक्साइडचे कण, मुळात रक्तक्षयाचं औषध. अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मंजूर झालं, एका डोसमध्ये ५१० मिलिग्रॅम लोह. २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा आला तो तीव्र ॲलर्जीसाठी, सुटणाऱ्या लोहाच्या आयनांसाठी नव्हे! म्हणूनच ते किमान १५ मिनिटं सावकाश देतात आणि नंतर अर्धा तास लक्ष ठेवतात.

कोबाल्ट किंवा निकेल फेराइटचे कण, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमध्ये हे धातू मिसळलेले कण, मात्र वेगळी गोष्ट. तिथे मी आवरणावर भिस्त ठेवणार नाही, कारण सुटलेला कोबाल्ट सामावून घ्यायला फेरिटिनसारखी सोय नाही. एमआरआयचं चित्र स्पष्ट व्हावं म्हणून देतात तो गॅडोलिनियम हा धातू नॅनोकण नसला तरी धडा तोच. २००६ मध्ये मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या त्वचा कडक होण्याच्या आजाराशी त्याचा संबंध दिसला, आणि संशय गेला तो सैल बांधणीच्या संयुगांतून सुटणाऱ्या आयनांवर.

तुमचा एमआरआय ठरला असेल तर डॉक्टरांना औषधाचं नाव विचारा, आणि ॲलर्जी, मूत्रपिंड, पूर्वी घेतलेलं लोह हे सगळं आपणहून सांगा. फेरुमॉक्सिटॉल घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत दुसरा एमआरआय करायचा झाला तर तेही सांगा. चित्रात त्याचा परिणाम दिसू शकतो.